अहवालबाई आणि सुतारकामाची शाखा

कॉलेजात त्यांना सगळे अहवालबाई म्हणत. तोंडावर नाही, मागे. पण स्टाफरूममधली कुजबुज किती दिवस लपून राहणार! बाईंच्या कानावर ते नाव आलं तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "बरंय. निदान काहीतरी काम करते असं वाटतंय तरी लोकांना."

मुळात त्या भाषा शिकवायला आल्या होत्या. कॉलेज म्हणजे एकेकाळचा मोज्यांचा कारखाना. यंत्रं गेली, छपरं राहिली, आणि त्या लांबलचक छपरांखाली काळे फळे आणि बाकं मांडून वर्ग सुरू झाले. गुणांची अट नाही, वयाची अट नाही, ज्याला शिकायचंय त्यानं यावं. दिवसा गाडी चालवणारे, दवाखान्यात लादी पुसणाऱ्या, लग्न झालं म्हणून शाळा सुटलेल्या, नोकरी गेली म्हणून चाळिशीत नवं काम शिकायला निघालेले, असे सगळे संध्याकाळी तिथे जमत. कुणी डब्यातला शेवटचा घास तोंडात कोंबत वर्गात शिरे, कुणी लेकराला मांडीवर झोपवून फळ्यावरचं उतरवून घेई. बाई त्यांना अर्ज लिहायला, मुलाखतीत बोलायला, कामावरच्या सूचना वाचून समजून घ्यायला शिकवत. मोठ्या माणसाचं वाचन अडलं की त्याला किती लाज वाटते हे त्यांना कळे. अशा वेळी त्या खिडकीबाहेर बघत उभ्या राहत, त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत.

कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये, जिथे पूर्वी मोजे रंगवत, तिथे सुतारकामाची शाखा होती. ती चालवायचे रंधासर. त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकापुरतं, बाकी सगळ्यांना ते रंधासरच. उंचेपुरे, बोलायला कंजूष, आणि भुवयांवर कायम भुशाची पांढुरकी धूळ. बाई नव्या होत्या तेव्हा त्यांच्या टेबलाचा खण अडकायचा, तो दुरुस्त करायला सर आले होते. खण तेव्हाच नीट झाला. तरी "सरकतोय ना बघू" म्हणत सर पुन्हा आले, आणि पुन्हा आले. शेवटी बाईंनीच विचारलं, "खणाचं निमित्त आणखी किती दिवस पुरवणार आहात?" सरांचे कान लाल झाले. लग्न झालं, एक मुलगी झाली, ती मोठी होऊन लग्न करून दुसऱ्या शहरात गेलीसुद्धा. तरी दोघांचा शिरस्ता तोच राहिला. दोघं मिळून कॉलेजात जायचं, मिळून परतायचं. वाटेत बाईंनी बोलायचं, सरांनी ऐकायचं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मान्यतेचं लचांड मागे लागलं.

दर काही वर्षांनी बाहेरची एक समिती येऊन कॉलेज तपासत असे. ती मान्यता देई म्हणून तर इथल्या सर्टिफिकेटाला बाहेर किंमत होती. त्या खेपेला समितीनं कॉलेजला इशारा देऊन ठेवला. तुमच्याकडे येतात पुष्कळ, पण कोर्स पूर्ण करतात थोडे. पुढच्या तपासणीपर्यंत हे सुधारलं नाही तर मान्यता काढून घेऊ.

स्टाफरूममध्ये दोन दिवस तावातावानं चर्चा झाली आणि मग नेहमीप्रमाणे सगळे आपापल्या वर्गात गेले. बाईही गेल्या असत्या. पण त्याच आठवड्यात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी आली. दवाखान्यात लादी पुसणारी, बाईंकडे अक्षर लावून लावून वाचायला शिकलेली, आणि मग नर्सच्या हाताखाली काम करायचा कोर्स पुरा केलेली. तिनं पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेलं सर्टिफिकेट काढलं आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"बाई, हे घेत नाहीत."

"कोण घेत नाही?"

"नोकरीला गेले होते. म्हणाले, तुमच्या कॉलेजचं काही खरं नाही असं ऐकतोय, ते मिटू दे, मग या." ती उभीच होती. "बाई, मी परत लादीच पुसते आहे. पोरीला सांगितलं होतं, आता आईला पांढरा कोट मिळणार. तिला काय सांगू?"

बाईंनी ते सर्टिफिकेट जपून तिच्या हातात परत दिलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी त्यांना बोलावलं. प्राचार्य नवे होते, वयानं लहान, सगळ्याची घाई असलेले, पण मनानं सरळ. "समितीपुढे ठेवायचा अहवाल तुम्ही लिहा आणि पुढच्या पाच वर्षांचा आराखडाही तुम्हीच करा," ते म्हणाले. "तुमच्याइतकं हे कॉलेज कुणाला ठाऊक नाही." बाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे तो पांढरा कोट होता.

मग घरचं जेवणाचं टेबल गेलं ते गेलंच. त्यावर फायली, जुनी हजेरीपत्रकं, निकालाचे कागद. दोघं भिंतीशी बसून ताट मांडीवर घेऊन जेवू लागले. स्वयंपाक सरांनी आपणहून अंगावर घेतला होता. भाजी अळणी झाली की म्हणत, "आजचं मीठ बहुतेक तुझ्या अहवालात पडलं." बाई हसत, आणि हसताहसता पुढचा कागद ओढत.

कोर्स सोडून गेलेल्यांना फोन करायचे असं बाईंनी ठरवलं. कुणी आजारी पडलं होतं, कुणाचं गाव सुटलं होतं, कुणी नुसतंच "जमलं नाही हो बाई" म्हणालं. सुतारकामाच्या शाखेपाशी मात्र त्या थबकल्या. सगळ्यात जास्त गळती तिथेच होती. त्यांनी त्यातल्या एकाला फोन लावला.

"कोर्स अर्धवट का सोडलात, ते विचारायचं होतं."

"अर्धवट कुठे?" पलीकडून करवतीचा आवाज येत होता. तो थांबवायला कुणालातरी हाक मारून माणूस पुन्हा फोनवर आला. "काम मिळालं ना बाई. सरांनीच धाडलं."

"सरांनी?"

"हो. म्हणाले, दारं-खिडक्या तुला जमतात, आता निघ. उरलेलं काम करताकरता शिकशील. आज माझं स्वतःचं दुकान आहे, हाताखाली माणसं आहेत."

"मग एकदा येऊन परीक्षा तेवढी देऊन जा ना."

तो मनमोकळं हसला. "आता कशाला बाई? लोकांच्या घरी माझी दारं लागलीत. ती उघडताहेत, मिटताहेत. आणखी काय परीक्षा द्यायची?"

बाईंनी आणखी काहीजणांना विचारलं. थोड्याफार फरकानं तीच गोष्ट. फोन ठेवला तेव्हा नवऱ्याच्या कौतुकानं त्यांचा ऊर भरून आला होता, आणि समोरच्या कागदावर ती सगळी नावं गळतीच्या रकान्यात होती.

त्या संध्याकाळी सर मागच्या पडवीत पटाशीला धार लावत बसले होते. बाई दाराशी उभ्या राहिल्या.

"अहो, पोरांना अर्ध्यातून कामावर पाठवता तुम्ही?"

"काम आलं की पाठवतो."

"परीक्षेपर्यंत तरी थांबवून धरा. समिती त्यांना नापास धरते."

सरांचा हात थांबला. "नापास? अगं, ते कमावताहेत."

"मला माहीत आहे. मी समितीच्या कचेरीत कळवलं, बोलले त्यांच्याशी. ते म्हणतात नियम सगळ्यांना सारखा. पुरा केला तर यश, सोडला तर अपयश. मधलं काही नाही."

"मग नियम चुकलाय."

"चुकला असेल. पण कॉलेज त्याच नियमावर तगून आहे."

सरांनी पटाशी उजेडात धरून धार बघितली. "घरी खाणारी तोंडं वाट बघताहेत अशा माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगू, की आलेलं काम सोड आणि परीक्षेला बस?"

"थोडे दिवस. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी मी सांगेन गं," सर हळूच म्हणाले, "पण उपाशी ते राहतील."

बाई आत गेल्या. राग आला होता, पण नक्की कुणाचा ते कळत नव्हतं.

आराखड्याचं काम पुढे सरकलं. हातात पैसा थोडा, शाखा फार. काही शाखा बंद करून बाकीच्या नीट चालवायच्या, हाच एक मार्ग दिसत होता. टंकलेखन आणि घड्याळदुरुस्ती बंद करायची हे सगळ्यांना मान्य होतं, तिथे शिकणारंच कुणी उरलं नव्हतं. तिसरी शाखा कुठली यावर प्राचार्य आणि बाई समोरासमोर बसले होते.

"आकडे बघितले तर सुतारकाम," प्राचार्य म्हणाले. "पण ते राहू दे. पुढच्या वर्षी बघू. सरांच्या शाखेबद्दल मी समितीला समजावून सांगेन."

तिथे बाई "बरं" म्हणाल्या असत्या तर प्रकरण मिटलं असतं. पण आदल्याच दिवशी स्टाफरूमच्या दारात त्यांच्या कानावर एक वाक्य पडलं होतं. कुणीतरी म्हणत होतं, "आता बाई नवऱ्याची शाखा कशी वाचवतात ते बघायचं." आणि दोघं-तिघं हसले होते. ते हसणं बाईंच्या जिव्हारी लागलं होतं. आयुष्यभर त्यांनी कुणाला बोट दाखवायला जागा दिली नव्हती.

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्यात वाईट आकडे तिथले आहेत. ती शाखा ठेवली तर या आराखड्यावर कुणाचाच विश्वास बसणार नाही."

प्राचार्यांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "विचार करा बाई."

"केला."

"मग सरांशी बोलावं लागेल. ज्याची शाखा, त्याला आधी विचारायचं, असा समितीचा दंडकच आहे. बैठक उद्या आहे. मी बोलू?"

"नको. मी घरी बोलते."

आणि बोलणारही होत्या. परतताना वाटेत बोलायचं असं ठरवून त्या निघाल्या, पण रस्त्यावर वर्दळ होती, म्हटलं घरी गेल्यावर. घरात पाऊल टाकलं आणि लेकीचा फोन आला. तिला दिवस गेले होते. सरांनी फोन बाईंच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतला. वर्षभरात बोलले नसतील तेवढं त्या एका संध्याकाळी बोलले. पाळणा कसा करायचा, लाकूड कुठलं आणायचं, कडा किती गोल घासायच्या, सगळं. जेवतानाही हातानं हवेत पाळण्याची उंची दाखवत होते. त्या चेहऱ्याकडे बघून बाईंची जीभ उचलेना. म्हटलं सकाळी. सकाळी त्या उठल्या तर सर वखारीत लाकूड बघायला निघून गेले होते. परस्पर कॉलेजात आले ते थेट बैठकीच्या वेळेला.

बैठक दिवाणखान्यासारख्या मोठ्या वर्गात होती. बाई पडद्याशेजारी उभ्या राहून आराखडा समजावत होत्या. शेवटच्या रांगेत सर बसले होते, गुडघ्यावर पंजे टेकून. पडद्यावर बंद करायच्या शाखा आल्या. पहिली, दुसरी, तिसरी. बाईंनी तिसरीचं नाव वाचलं तेव्हा आवाज कापला नाही. तो कापला नाही याचंच त्यांना पुढे सगळ्यात जास्त वाईट वाटत राहिलं.

 सगळ्या माना मागे वळल्या. सर उभे राहिले.

"आत्ता जे शिकताहेत त्यांचं काय?"

"त्यांचं वर्ष पुरं करू," प्राचार्य घाईनं म्हणाले.

"मग ठीक आहे," सर म्हणाले आणि खाली बसले.

प्राचार्यांनी बाईंकडे बघितलं आणि नजर फिरवली. त्यांना काय ते कळलं होतं.

दोघं मिळून घरी परतले. सरांनी हात धुतले, पंच्याला पुसले आणि पाठमोरे असतानाच म्हणाले, "शाखा बंद केलीस म्हणून नाही गं. करावी लागली असेल. पण मला ते तिथे, सगळ्यांबरोबर कळलं."

"काल सांगणारच होते. तेवढ्यात फोन आला, तुम्ही इतके खूश होतात..."

"हो," सर म्हणाले.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडायला सर कधी शिकलेच नव्हते.

वर्ष संपलं. शेडमधली कामाची मोठी टेबलं मोडून बाहेर काढली. रंधे, पटाश्या, शिकंजे सरांनी शेवटच्या तुकडीतल्या पोरांना वाटून टाकले. सरांना कॉलेजच्या भांडारात बसवलं. एका उंच खिडकीमागे बसून ते खडू, कागदाचे गठ्ठे, झाडू, दिवे देत. येणाऱ्याला "किती?" एवढंच विचारत. त्यांच्या भुवया आता स्वच्छ दिसू लागल्या. तसा तो चेहरा बाईंना परक्या माणसाचा वाटे.

मग समिती आली. तिच्या अध्यक्ष एक पांढऱ्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. सगळ्यांना "बसा, घाबरू नका" म्हणायच्या आणि नेमका घाम फुटेल असा प्रश्न विचारायच्या. समितीला हव्या त्या माणसाला एकट्याला बोलवायचा अधिकार होता. दुसऱ्या दिवशी शिपाई भांडाराकडे जाताना बाईंनी पाहिला. ज्याची शाखा बंद केली त्यालाच समितीनं बोलावलं होतं.

काय विचारणार ते उघड होतं. आणि त्याचं खरं उत्तर एकच होतं. ते उत्तर सरांनी दिलं असतं तर समितीनं विचारलं असतं, बाकीच्या गोष्टींत तरी तुम्ही दंडक पाळलेत हे आम्ही कशावरून मानावं? दोन वर्षांची मेहनत, सुधारलेले निकाल, सगळं संशयात सापडलं असतं. बाई व्हरांड्यात येरझारा घालत राहिल्या. सर बाहेर आले, त्यांच्याजवळून गेले आणि भांडारात जाऊन बसले. मान वर करून त्यांनी बाईंकडे बघितलंही नाही. विचारायचा बाईंना धीर झाला नाही.

निरोपाच्या सभेला कॉलेज लोटलं होतं. विद्यार्थी खिडक्यांतून डोकावत होते. अध्यक्षांनी मान्यता पूर्ण मुदतीसाठी कायम केल्याचं सांगितलं तेव्हा छप्पर उडेल असा जल्लोष झाला. तो ओसरू देऊन त्या पुढे बोलल्या.

"एका गोष्टीचा मुद्दाम उल्लेख करते. शाखा बंद करणं कुठल्याही कॉलेजला जड जातं. पण ज्यांची शाखा इथे बंद झाली, त्या सरांनी आम्हाला सांगितलं, की निर्णयाआधी सगळ्यात पहिल्यांदा मला विचारलं होतं, घरी बसून नीट बोलणं झालं होतं, आणि माझी संमती होती. इतक्या प्रामाणिकपणे आखलेला आराखडा आम्ही क्वचित पाहतो. तो आखणाऱ्या बाईंचं मी अभिनंदन करते."

पुन्हा टाळ्या झाल्या. शेजारच्या बाईंनी त्यांचा हात दाबला. अहवालबाई खाली मान घालून बसल्या होत्या. लोकांना वाटलं, भारावल्यात.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "का सांगितलंत तसं?"

सर ओट्याशी चहा टाकत होते. "मग काय सांगायला हवं होतं?"

"जे झालं ते."

"आणि दवाखान्यातल्या त्या पोरीचा पांढरा कोट?"

बाई खुर्चीवर टेकल्या. सरांनी चहा गाळून एक कप त्यांच्यापुढे ठेवला. "तुझ्यासाठी खोटं बोललो असं वाटून घेऊ नकोस," ते म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. तरी ते वाक्य बाईंना फार लागलं. आजवर या माणसानं जे काही केलं होतं ते त्यांच्यासाठी केलं होतं, हे त्यांनी किती गृहीत धरलं होतं ते त्यांना तेव्हा कळलं.

त्या लादीवालीला पांढरा कोट मिळाला. ती पेढ्यांसारखी वाटत सुटली ती बातमी, सगळ्या वर्गांतून. नवे विद्यार्थी वाढले. अडलेल्या विद्यार्थ्यांना हात द्यायला एक केंद्र काढायचं ठरलं, आणि त्यासाठी रिकामी जागा एकच होती, मागची शेड. तिथे काचेची दालनं झाली, जमिनीवर जाड सतरंजी आली, आणि केंद्राच्या प्रमुख म्हणून बाईंना तिथेच खुर्ची मिळाली. नाही म्हणायला काही कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. झाडणारी बाई रोज सकाळी कुरकुरायची, "बाई, कितीही झाडा, फटीतून भुसा येतोच आहे बघा." बाई म्हणायच्या, "येऊ दे."

घरात सगळं पूर्वीसारखं चाललं होतं. सर स्वयंपाक करत, बाई वाटेत बोलत. फक्त कॉलेजच्या गोष्टी त्या आता सांगत नसत, आणि त्या वगळल्यावर सांगण्यासारखं थोडंच उरे. पाळणा मधल्या काळात झाला, लेकीकडे गेला, त्यात नात झोपली. फोटो आला तो सरांनी बराच वेळ हातात धरून ठेवला.

खोकला तेव्हाच सुरू झाला असावा. आधी थंडीचा म्हणून सोडून दिला, मग धुळीचा म्हणून. डॉक्टरांनी फुप्फुसांचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, "काम काय करत होता?" सर म्हणाले, "लाकडाचं." डॉक्टर म्हणाले, "बारीक भुसा. वर्षानुवर्षं साचत गेलाय." घरी येताना सर म्हणाले, "बघ, तू शाखा बंद केलीस ते बरंच केलंस. नाहीतर आणखी भरला असता." थट्टा होती की नव्हती, हे बाईंना अखेरपर्यंत उमगलं नाही.

पुढे दवाखान्यात राहायची वेळ आली. बाई रजा काढून उशाशी बसून राहत. एका दुपारी वॉर्ड शांत होता. बाईंनी मनाचा हिय्या केला. "अहो, त्या दिवशी बैठकीच्या आधी मी..." एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या. सरांनी त्यांच्याकडे बघितलं. उत्तर देण्यासाठी त्यांनी तोंडावरची नळी बाजूला करायला हात उचलला, आणि तेवढ्या हालचालीनं त्यांची छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली. बाईंनी तो हात धरून खाली ठेवला. "काही नाही. नंतर बोलू," त्या म्हणाल्या. क्षमा मागायची म्हणजे ती द्यायलाही सरांना श्वास खर्चावा लागणार होता, आणि तो आता त्यांच्यापाशी मोजकाच उरला होता. त्यांनी खिडकी उघडली, उशी सारखी केली, नातीच्या नव्या दाताची गोष्ट सांगितली. सर ऐकत राहिले, पूर्वी वाटेत ऐकायचे तसे. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत.

माणसं आली, गेली. लेक महिनाभर राहिली. कॉलेजनं शोकसभा घेतली. तिथे प्राचार्यांनी बोलताबोलता समितीनं केलेल्या त्या कौतुकाची आठवण काढली. बाई सभेतून उठून बाहेर आल्या आणि नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या, पाणी वाहत राहिलं तरी.

त्यानंतरची वर्षं बाईंनी एकाच गोष्टीमागे घालवली. काम मिळालं म्हणून जाणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. जेवढं शिकला तेवढ्याचं सर्टिफिकेट त्याच्या हातात द्यायचं, आणि हिशेबात त्याला नापास धरायचं नाही. समितीच्या कचेरीत त्या इतक्या खेपा घालत की तिथला कारकून त्यांना बघितल्यावर न विचारता खुर्ची पुढे करी. प्राचार्यांनी साथ दिली. इतर कॉलेजांनाही त्यांनी आपल्या बाजूला ओढलं. पुढच्या तपासणीच्या वेळी नियम बदलला. स्टाफरूममध्ये लोक म्हणाले, "मानलं बाईंना." बाईंनी त्या संध्याकाळी घरी येऊन जेवणाचं टेबल पुसलं, त्यावर एकटीचं ताट मांडलं आणि जेवण न करता तशाच बसून राहिल्या. जो नियम चुकलाय म्हणून एका माणसानं पडवीत बसून दोन शब्दांत सांगितलं होतं, तो चुकलाय हे सिद्ध करायला त्यांना इतका काळ लागला होता.

सुट्टीत लेक नातीला घेऊन आली. सरांचं कपाट आवरायला काढलं होतं. सदऱ्यांच्या घड्या घालताघालता बाई एकदम म्हणाल्या, "तुझ्या बाबांना मी विचारलं नव्हतं. शाखा बंद करायच्या आधी. ते समितीशी खोटं बोलले."

लेकीनं हातातला सदरा मांडीवर ठेवला. "माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"बाबांनीच. मागे एकदा नातीला बघायला एकटेच आले होते तेव्हा. खूप रडले होते गं. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं." तिनं सदरा पुन्हा उचलला. "मी तेव्हाच तुला फोन लावणार होते, चांगलं झापणार होते. त्यांनी लावू दिला नाही. म्हणाले, ती रोज त्याच शेडमध्ये बसते, तेवढं पुरे आहे."

बाईंनी घडी पुरी केली. नात मध्येच येऊन आजोबांचा चष्मा नाकावर चढवून बघत होती, आणि सगळं धुरकट दिसतंय म्हणून हसत होती. लेकीनं आईच्या पाठीवर हात ठेवला. बाईंना तो हात हवासाही वाटला आणि नकोसाही.

"चहा टाकतेस?" त्या म्हणाल्या.

लेक दोन दिवसांनी गेली. त्या सोमवारी नव्या प्रवेशांना सुरुवात होती. बाई जरा लवकरच पोचल्या. केंद्राच्या दारापासून फाटकापर्यंत माणसं उभी होती. कुणाच्या अंगावर कामावरचा गणवेश, कुणाच्या कडेवर पोर. रांगेतला पहिला माणूस चांगला पन्नाशीचा होता. अर्ज त्याच्या हातात कोराच होता आणि तो उगाच खिसे चाचपून पेन शोधल्यासारखं करत होता. बाईंनी दार उघडलं, त्याला आत घेतलं आणि समोरची खुर्ची पुढे केली.

"बसा," त्या म्हणाल्या. "आपण दोघं मिळून भरू."